मुक्या सोबत्याचे स्नान

व्यापारी घरांतून कुत्रा पाळण्याची रीत नवी नाही. पूर्वी तो गोदामाच्या दारात असे. रात्री पोत्यांच्या थप्प्यांभोवती फिरे, दिवसा पायरीखाली झोपे, आणि त्याच्या अंगाला पाणी लागे ते पावसाच्या सरीचेच. आता तो सदनिकेत आला आहे. दिवाणखान्यात बसतो, मुलांच्या पांघरुणात शिरतो, पाहुणे आले की त्यांच्या पायांशी घोटाळतो. साहजिकच त्याची स्वच्छता हा घराचा प्रश्न झाला आहे. ज्या घरात स्नान झाल्याखेरीज स्वयंपाकघरात पाऊल पडत नाही, दर्शनाला जाण्याची वस्त्रे निराळी ठेवली जातात, त्या घराला आपला कुत्राही रोज नाही तरी दर रविवारी सुगंधी साबणाने न्हालेला असावा असे वाटले तर नवल नाही.

परंतु कुत्र्याचे हाल येथूनच सुरू होतात. रविवारी आंघोळ, बुधवारपासून खाजवणे, शुक्रवारी कोंडा, आणि "वास यायला लागला" म्हणून पुन्हा रविवारी आंघोळ असे चक्र कित्येक घरांत वर्षानुवर्षे चालते. दोष कोणाच्या प्रेमाचा नसतो. माणसाच्या शरीराचा नियम कुत्र्याच्या शरीराला लावला जातो, एवढेच.

माणसाला सर्वांगाला घाम येतो, म्हणून त्याला रोज धुणे भाग आहे. कुत्र्याला तसा घाम येत नाही. त्याच्या पंजांच्या गाद्या तेवढ्या ओलसर होतात. अंगातील उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. त्याच्या त्वचेतून एक तेलकट स्राव पाझरतो व तो केसांवर पसरून पातळ थर धरतो. त्या थरामुळे पाणी आत शिरत नाही, त्वचा सुकत नाही आणि जंतूंना सहजी थारा मिळत नाही. त्यातच कुत्र्याच्या त्वचेचा वरचा पदर माणसापेक्षा पातळ असतो. माणसाची त्वचा थोडी आम्लधर्मी, साधारण ५.५ सामूची, तर कुत्र्याची ७ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ उदासीन. माणसासाठी बनवलेला साबण किंवा शाम्पू कितीही महाग असला, अगदी लहान मुलांचा "सौम्य" म्हणून विकला जाणारा असला, तरी तो या त्वचेच्या मापाने बनवलेला नसतो. दर आठवड्याला तो वापरला की तेलकट थर निघून जातो, त्वचा कोरडी पडते, कोंडा धरतो, खाज सुटते. ती खाज मग अस्वच्छतेची म्हणून पुन्हा धुतली जाते.

किती दिवसांनी न्हाऊ घालावे, याचे उत्तर केसांवर अवलंबून आहे. आपल्याकडचा गावठी कुत्रा, कारवानी किंवा मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा यांचे केस आखूड व अंगाला चिकटून असतात. त्यांना दीड-दोन महिन्यांनी एकदा आंघोळ पुरते. एरवी ओल्या फडक्याने अंग पुसले तरी चालते. लॅब्राडोरला महिन्या-दीड महिन्याने. पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड यांना वरचे राठ केस आणि आतली दाट मऊ लव असे दुहेरी आवरण असते. त्यांना आंघोळीपेक्षा रोजच्या विंचरण्याची गरज अधिक. उन्हाळ्यात "बिचाऱ्याला उकडते" म्हणून अशा कुत्र्याचे केस मुळापासून कापून टाकणारी घरे आहेत. ते करू नये. ते आवरण ऊनही अडवते, आणि एकदा काढले की पुष्कळदा पूर्वीसारखे येत नाही. लहान पिल्लाला ८ आठवड्यांचे होईपर्यंत सहसा पूर्ण आंघोळ घालू नये. त्याच्या अंगात ऊब धरून ठेवण्याची शक्ती नसते. मळले असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या पंचाने तेवढाच भाग पुसून लगेच कोरडा करावा. आजारी किंवा अशक्त कुत्र्यासाठीही हाच उपाय.

आता वासाविषयी. कुत्र्याला थोडासा कुत्र्याचा वास येणारच. तो पूर्ण घालवू पाहणाऱ्याने कुत्रा पाळू नये, असे स्पष्ट म्हणणेच बरे. पण आंघोळ घातल्यावर दोन दिवसांत उग्र, आंबूस किंवा कुजका वास परत येत असेल, तर तो मळाचा नव्हे, रोगाचा असतो. कान आतून लाल होऊन त्यातून तपकिरी मळ येत असेल, दातांवर किटण साचून हिरड्या सुजल्या असतील, बोटांच्या बेचक्यांत बुरशी धरली असेल, किंवा गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या लहान ग्रंथी तुंबल्या असतील, तर घरभर वास येतो. बसल्या जागी ढुंगण जमिनीला घासत पुढे सरकणारा कुत्रा खोडी करत नसतो. त्या तुंबलेल्या ग्रंथींचे दुखणे तो आपल्या परीने सांगत असतो. त्या घरी दाबून मोकळ्या करू नयेत, पशुवैद्याकडे न्यावे. यांपैकी एकही वास शाम्पूने जात नाही. उलट अत्तर शिंपडून तो झाकला की रोग आत वाढतो. शिवाय ज्या प्राण्याचे सारे जग नाकावर चालते, त्याच्या अंगाला उग्र सुगंध फासणे म्हणजे आपल्या कानाशी दिवसभर भोंगा लावण्यासारखे आहे. न्हाऊन सुटल्याबरोबर कुत्रा मातीत लोळतो, त्यामागे कदाचित हेही एक कारण असेल.

पाण्याला हात लावण्यापूर्वी अंग विंचरणे ही आंघोळीची अर्धी तयारी होय. कोरड्या केसांतला गुंता बोटांनी, मग फणीने हळूहळू सुटतो. तोच भिजला की आवळून लोकरीच्या घट्ट गोळ्यासारखा होतो आणि पुढे कात्रीनेच काढावा लागतो. अशा गोळ्याखाली ओल राहते, त्वचा कुजते. कानांच्या मागे, काखेत, जांघेत आणि शेपटीच्या मुळाशी गुंता अधिक असतो. विंचरताना सारे अंग बोटांखालून जाते. कोठे गाठ आहे, कोठे खवडा धरला आहे, कोठे हात लावताच कुत्रा अंग चोरतो, हे तेव्हाच कळते. मालाची गोणी ताब्यात घेताना जशी चहूबाजूंनी पाहिली जाते, तशीच ही पाहणी. वर्षातून एकदा पशुवैद्य जे पाहील ते घरचा माणूस दर महिन्याला पाहू शकतो, आणि आंघोळीचा खरा उपयोग केस चमकण्यापेक्षा यात अधिक आहे.

जागा निवडताना एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. कुत्रा पाण्याला जितका घाबरतो त्याहून अधिक तो पाय घसरण्याला घाबरतो. गुळगुळीत फरशीवर नखे सरकू लागली की तो धडपडतो, धडपडला की घरचे त्याला आवळून धरतात, आवळले की तो आणखी बिथरतो. मोरीत किंवा न्हाणीघरात एक ओले गोणपाट चौघडी करून पसरावे. दुकान असलेल्या घरात रिकाम्या गोणपाटाला तोटा नसतो. त्यावर त्याचे चारही पाय रोवले गेले की निम्मी झटापट संपते. पुढच्या वेळी पाण्याआधी त्याला त्या गोणपाटावर नुसते उभे करून त्याच्या आवडीचा तुकडा द्यावा. चार-पाच वेळा असे केले की तो आपणहून येऊन उभा राहतो.

साखळीने नळाला बांधून न्हाऊ घालण्याची पद्धत मात्र टाकून द्यावी. ओल्या जमिनीवर घसरलेल्या कुत्र्याच्या गळ्याला साखळीचा फास बसण्यास क्षण पुरतो. जैन आचारग्रंथांत अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत पहिला "बंध" आहे, म्हणजे आश्रित प्राण्याला पीडा होईल असे बांधून ठेवणे. व्रताची ही बाजू गाई-बैलांपुरती मानण्याचे कारण नाही. एकाने मऊ पट्टा हातात सैल धरावा, दुसऱ्याने न्हाऊ घालावे. घरातील वडील माणूस शांत आवाजात बोलत समोर बसला तर पट्ट्याचीही गरज पडत नाही. मुलांना मदतीला जरूर घ्यावे, पण मग घाई करू नये.

पाणी कोमट असावे. मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून पाहावे. ना गरम ना गार असे वाटले म्हणजे ते योग्य. माणसाला सुखाचे वाटणारे कढत पाणी कुत्र्याची त्वचा भाजते आणि खाज वाढवते. अगदी थंड पाणीही बरे नव्हे. थंड पाण्याच्या आंघोळीनंतर, विशेषतः लॅब्राडोरसारख्या जातींत, शेपूट एकाएकी दोरीसारखी लोंबकळू लागते व मुळाशी दुखते, असे कधीकधी घडते. घरच्यांना ती मोडली असे वाटते. तो शेपटीच्या स्नायूंचा आखडलेपणा असतो, आणि विश्रांतीने बहुधा काही दिवसांत जातो. दुखणे अधिक असेल तर पशुवैद्य औषध देतात. पाणी नेहमीप्रमाणे गाळून घ्यावे आणि बेताने वापरावे. मोठ्या कुत्र्याला दोन-तीन बादल्या पुरतात. नळी अंगावर सोडली तर पाणीही जाते आणि कुत्राही भेदरतो. तांब्या अंगाला टेकवून हळू ओतला म्हणजे पाणी केसांच्या मुळाशी पोहोचते. जेथे विंधनविहिरीचे क्षारयुक्त पाणी वापरावे लागते, तेथे फेस कमी येतो आणि साबणाचा चिकटा केसांत बसतो. अशा ठिकाणी शेवटचे धुणे नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करावे.

साबणाविषयी घरोघरी निराळे ठोकताळे आहेत. कपड्यांचा साबण, फिनाइलचे थेंब, डेटॉल घातलेले पाणी हे सारे वर्ज्य. जंतुनाशक म्हणून घातलेले हे द्रव कुत्र्याच्या त्वचेला पोळतात, आणि तो अंग चाटतो तेव्हा पोटात जातात. बेसन लावण्याची चाल निरुपद्रवी दिसते, पण दाट केसांत पीठ अडकून राहते व ओलीत आंबते. रिठ्याचा फेस छान होतो खरा. डोळ्यांत गेला तर मात्र कुत्रा पुन्हा म्हणून न्हाणीकडे फिरकणार नाही. कुत्र्यांसाठी म्हणून मिळणारा, सुगंध कमी असलेला साधा शाम्पू घ्यावा. तो थेट अंगावर ओतू नये. मगभर पाण्यात थोडा, म्हणजे एक भाग शाम्पूला पाच ते दहा भाग पाणी, असा कालवून लावावा. पातळ केलेला शाम्पू सगळीकडे सारखा पसरतो, कमी लागतो आणि लवकर निघतो. काटकसरीच्या घराला हे पटायला वेळ लागू नये. पशुवैद्याने बुरशीसाठी किंवा खाजेसाठी औषधी शाम्पू दिला असेल तर त्याचा नियम वेगळा: तो लावून सहसा १० मिनिटे तसाच ठेवावा लागतो. लावला आणि धुतला असे केले तर पैसे पाण्यात जातात.

भिजवण्याचा क्रम मानेपासून सुरू करावा. अंगावर पिसवा असल्याची शंका असेल तर पहिल्याने मानेभोवती फेसाचे एक कडे करावे. पाणी पडताच पिसवा कोरड्या जागेकडे, म्हणजे तोंडाकडे आणि कानांत धावतात, ते त्यामुळे अडते. मग पाठ, बरगड्या, पोट, मांड्या, पाय, शेपटी. केस ज्या दिशेने वळतात त्याच दिशेने, बोटांच्या पेरांनी चोळावे. नखे लावू नयेत. बोटांच्या बेचक्या विसरू नयेत, कारण रस्त्यावरची सारी घाण तेथे साचते. तोंडावर पाणी कधी ओतू नये. डोके व चेहरा ओल्या फडक्याने पुसला की झाले. कानांत आंघोळीपूर्वी कापसाचा बोळा हलकेच बसवावा आणि नंतर आठवणीने काढावा. कुत्र्याची कर्णनलिका सरळ नसते, खाली जाऊन आत वळते. त्या वळणावर गेलेले पाणी बाहेर येत नाही. लोंबत्या कानांच्या कॉकर स्पॅनियल किंवा लॅब्राडोर जातीत पुष्कळ कानदुखी आंघोळीनंतर सुरू होते, ती या राहिलेल्या पाण्यामुळे.

फेस काढण्यास लावण्याच्या दुप्पट वेळ द्यावा. घरच्या आंघोळीत सर्वांत अधिक हयगय येथेच होते. तोवर कुत्रा कंटाळलेला असतो, न्हाऊ घालणारा स्वतः भिजलेला असतो, आणि वरून पाणी स्वच्छ दिसू लागले की काम संपले असे वाटते. पण आतल्या लवेत, काखेत, पोटाखाली आणि शेपटीच्या मुळाशी साबण राहतो. सुकला की तो त्वचेला चावू लागतो. केस मुठीत धरून पिळून पाहावे: गळणारे पाणी निर्मळ असावे आणि बोटांना बुळबुळीत काही लागू नये. शंका राहिली तर आणखी चार तांबे ओतावेत. आंघोळीनंतर दोन-तीन दिवस चाललेली खाज बहुतेक वेळा या चार तांब्यांच्या अभावी असते.

मग कुत्रा अंग झाडणार. झाडू द्यावे, त्या एका झटक्यात पंचाने न निघणारे पाणी निघते. भिंती ओल्या होतात, त्याला इलाज नाही. त्यानंतर जुन्या सुती पंचांनी अंग दाबून दाबून टिपावे. रगडून पुसले तर लांब केसांत पुन्हा गुंता होतो.

सुकवणे हा भाग पावसाळ्यात जिवावरचा नसला तरी त्वचेवरचा असतोच. वरचे केस तासाभरात कोरडे वाटतात, आतली लव मात्र संध्याकाळपर्यंत ओलीच असते. दमट हवेत ती ओल राहिली की एखाद्या जागी खाज सुटते, कुत्रा तेथे चाटतो, चावतो, आणि एका रात्रीत तळहाताएवढा लालभडक, चिघळलेला, केस गळालेला डाग उमटतो. सकाळी तो पाहून घरचे घाबरतात; काल तर काहीच नव्हते. म्हणून आषाढ-श्रावणात आंघोळीची संख्या कमी करावी, वाढवू नये. बाहेरून आल्यावर पाय आणि पोट धुऊन कोरडे केले तरी पुरे. आंघोळ घालायचीच तर उघडीप असलेल्या दिवशी, सकाळी घालावी आणि पंख्याखाली बसवून केस बोटांनी उलटसुलट फिरवीत राहावे. केस वाळवण्याचे यंत्र वापरायचे तर थंड वाऱ्यावर, हात-दोन हात दुरून. गरम झोताने त्वचा भाजते, पण केसांमुळे ते लगेच दिसत नाही. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला तर कोंडलेल्या न्हाणीघरात गरम वाफ व गरम वारा देणे धोक्याचे आहे. त्याला धापा टाकूनही उष्णता बाहेर घालवता येत नाही आणि उष्माघात होऊ शकतो.

या सर्वांहून अवघड विषय गोचिडीचा आहे, आणि जैन घरांत तो बहुधा बोललाच जात नाही.

आपल्याकडे कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड आढळते ती केवळ त्रासदायक नाही. तिच्या चाव्यातून जे सूक्ष्मजीव रक्तात जातात त्यांपैकी एक रक्तातील बिंबाणू व पांढऱ्या पेशी घटवतो, दुसरा तांबड्या पेशी फोडतो. कुत्रा खाणे सोडतो, ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते, कधी लघवी गडद चहासारखी होते. गोचिडतापाचे निदान वेळेवर झाले तर औषधांनी कुत्रा वाचतो. आठवडाभर "उतरेल ताप" म्हणून वाट पाहिली तर पुष्कळदा वाचत नाही. श्रावकाच्या घरात गोचीड मारायची नाही म्हणून औषध नाही, आणि बोलायचे नाही म्हणून तपासणीही नाही, अशा अवस्थेत कुत्रे दगावले आहेत. तेथे लहान जीव वाचला असेही म्हणता येत नाही, कारण तोवर एका गोचिडीच्या हजारो झालेल्या असतात.

ते कसे, हे समजून घेणे उपयोगी आहे. ही गोचीड सारे आयुष्य कुत्र्याच्या अंगावर काढत नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू कुत्र्यावर चढते, रक्त पिते, खाली उतरून कात टाकते. पुन्हा चढते, पुन्हा उतरते. तिसऱ्यांदा पूर्ण वाढ झालेली गोचीड चढते. रक्त पिऊन वाटाण्यासारखी फुगलेली मादी शेवटी गळून पडते, भिंतीच्या किंवा चौकटीच्या फटीत शिरते, एकदाच हजारांच्या संख्येने अंडी घालते आणि मरते. म्हणजे अंगावर दिसतात त्यांहून किती तरी अधिक गोचिडी घरात असतात: पलंगामागे, फळीखाली, पायरीच्या भेगेत. रक्त न मिळालेली मादी मात्र अंडी घालू शकत नाही. सारी किल्ली या एका गोष्टीत आहे. गोचीड फुगण्यापूर्वी सापडली तर पुढची पिढी जन्मालाच येत नाही, आणि जी जन्माला आली नाही तिला मारण्याचा प्रसंगही येत नाही.

म्हणून रोज फिरून आल्यावर दाराबाहेरच पाच मिनिटे बोटांनी पाहणी करावी. कानांच्या आत-बाहेर, गळपट्ट्याखाली, काखेत, बेचक्यांत, शेपटीखाली. सापडलेली गोचीड चिमट्याने अगदी त्वचेशी धरून सरळ, हळू ओढावी. पिळू नये, जाळू नये, वर तेल ओतू नये. हातमोजा घालावा, बोटांनी चिरडू नये, कारण तिच्या अंगातील रक्त माणसालाही अपायकारक ठरू शकते. काढलेली गोचीड फाटकाशी सोडली तर ती त्याच किंवा शेजारच्या कुत्र्यावर चढणार, हे ओळखून सोडण्याची जागा जनावरांच्या वाटेपासून दूर निवडावी. घरातील फटी चुन्याने किंवा सिमेंटने बुजवाव्यात. त्याचे अंथरूण आठवड्याला उन्हात झटकून धुवावे, पलंग भिंतीपासून हातभर दूर ठेवावा, कोपरे केरसुणीने नित्य काढावेत. ढेकूण होऊ नयेत म्हणून जुन्या घरांतून जी दक्षता घेतली जाई, तीच ही.

एवढे करूनही गोचिडी झाल्या तर? येथे स्वच्छ उत्तर नाही आणि असल्याचा आव आणू नये. गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार मानले आहेत. आश्रिताचा प्राण वाचवण्यासाठी दिलेले औषध यांपैकी कोठे बसते, यावर श्रावकांत दोन मते आढळतात. परंतु पाळलेला कुत्रा हा आपण दारात आणलेला पंचेंद्रिय जीव आहे. त्याला बाहेर जाऊन आपला उपाय शोधता येत नाही. निर्णय कोणताही होवो, तो ताप येण्यापूर्वी, पशुवैद्याला सर्व सांगून आणि घरातील वडिलधाऱ्यांशी बोलून घेतलेला असावा. औषधांतही फरक आहेत. काही गोचिडीला अंगावर बसूच देत नाहीत, काही ती चावल्यावर तिला मारतात. पहिल्या प्रकारची मिळू शकतात का, हे विचारण्याचा संकोच करू नये. पशुवैद्यांना हा प्रश्न अनोळखी नाही.

लपूनछपून केलेले उपाय मात्र दोन्ही जिवांचा घात करतात. तंबाखूचे पाणी, रॉकेल, गोठ्यातल्या गुरांसाठी आणलेले कीटकनाशक अंदाजाने पाण्यात घालून केलेली आंघोळ, यांनी गोचिडीआधी कुत्राच तोंडाला फेस येऊन पडल्याची उदाहरणे पशुवैद्यांच्या नित्य पाहण्यात येतात. घरात मांजर असेल तर अधिक सावध राहावे. कुत्र्यांना चालणारी काही गोचीडनाशके मांजराला जीवघेणी ठरतात. आणि अशा औषधी आंघोळीचे पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीकडे जाणाऱ्या पाटात सोडू नये. त्यांतील बरीच द्रव्ये मासे व जलचर यांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात.

मानेच्या मागे त्वचेवर थेंब टाकण्याचे औषध घेतले असेल, तर त्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालू नये. ते औषध त्वचेच्या तेलकट थरातून अंगभर पसरते. नुकत्याच धुतलेल्या अंगावर तो थर नसतो, आणि थेंब टाकल्यावर लगेच न्हाऊ घातले तर औषध मोरीतून वाहून जाते. महिन्याची आंघोळ आणि महिन्याचे औषध यांच्या तारखा दुकानाच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत आधीच लिहून ठेवाव्यात, म्हणजे त्या एकमेकींवर येणार नाहीत.